इंग्रजी शब्दाचे मूळ कसे शोधावे: पाण्यातून चालणाऱ्या एका क्रियापदाच्या मागावर

इंग्रजी शब्दाचा अर्थ आज फोनवर चुटकीसरशी मिळतो. पण तो शब्द आला कुठून, आधी त्याचा अर्थ काय होता, कोणत्या भाषेत त्याची भावंडे आहेत, हे शोधायला बसले की नवा माणूस गोंधळतो. कोशातल्या नोंदी संक्षेपांनी भरलेल्या असतात. एक संकेतस्थळ एक सांगते, दुसरे दुसरेच. त्यात व्हॉट्सअॅपवर 'हा इंग्रजी शब्द मुळात आपलाच' असे सांगणारे संदेश फिरत असतात. मी भाषांतराची कामे करते, त्यामुळे ही शोधाशोध सतत करावी लागते. तिची एक ठरलेली वाट आहे. ती एकदा पायाखालची झाली की हे काम घरबसल्या आणि बहुतांशी फुकटात होते.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. पाण्यातून पायी चालत जाणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद, स्पेलिंग डब्ल्यू-ए-डी-ई. या लेखात ते मी 'वेड्' असे, ड चा पाय मोडून लिहिणार आहे. नाहीतर आपले 'वेड लागणे'मधले वेड आणि हे, दोन्ही सारखेच दिसतील.

जवळ काय काय हवे

- ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. याचे पहिले हप्ते १८८४ पासून निघू लागले आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पुरी झाली. ऑनलाइन वापरायला वर्गणी लागते, पण विद्यापीठांच्या आणि मोठ्या ग्रंथालयांत तो पाहायला मिळू शकतो. तिथे आधी चौकशी करा.
- डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन एटिमॉलॉजी कोश. मोफत. सुरुवात इथूनच करावी.
- बॉसवर्थ आणि टॉलर यांचा जुन्या इंग्रजीचा कोश. ऑनलाइन, मोफत.
- मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश. हाही मोफत.
- लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश.
- आपल्या बाजूने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६) आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश. मोल्सवर्थ आणि टर्नर हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात ऑनलाइन उघडतात.
- एक वही. फोनमधल्या टिपा चालतील, पण शब्दांचे धागे कागदावर लवकर उलगडतात.

१. आधी स्पेलिंग आणि उच्चार नीट नोंदवा

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण पुढची निम्मी गडबड इथेच टळते. इंग्रजीत डब्ल्यू आणि व्ही ही दोन वेगळी अक्षरे आहेत आणि त्यांचे इतिहासही वेगळे आहेत. मराठी लेखनाची इथे मोठी सोय आहे. आपण डब्ल्यूसाठी 'व' आणि व्हीसाठी 'व्ह' लिहितो: वॉटर पण व्हॅन, वेड् पण इन्व्हेड. हिंदीतून आलेल्या मजकुरात दोन्हींना नुसता 'व' असतो, म्हणून तिथून शब्द उचलताना मूळ स्पेलिंग तपासून घ्या.

डब्ल्यूने सुरू होणारा घरगुती वापराचा इंग्रजी शब्द बहुधा जुन्या इंग्रजीतून वारशाने आलेला असतो. व्हीने सुरू होणारा बहुधा लॅटिन किंवा फ्रेंचमधून नंतर आलेला. अपवाद आहेत, पण पहिला अंदाज म्हणून हे सूत्र चांगले चालते.

२. आजचा अर्थ वाक्यांतून पक्का करा

मूळ शोधण्याच्या घाईत आजचा अर्थच निसटता राहतो. कोशात एका ओळीत 'पाण्यातून चालणे' असे मिळेल. तेवढ्यावर थांबू नका, शब्द वापरात पाहा.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद पडल्या आणि लोक ऑफिसातून पायी घरी निघाले. तेव्हाच्या इंग्रजी बातम्या वाचल्या तर हे क्रियापद पुन्हा पुन्हा भेटते, आणि त्याच्या शेजारी पाण्याची खोली सांगणारा शब्द असतो. मराठीत आपण तीच खोली अंगावर मोजतो: घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, गळाभर. गळाभर पाण्यापर्यंत वेड् चालते. पाय जमिनीवरून सुटले की ते संपते आणि पोहणे सुरू होते. म्हणजे अर्थाचा पहिला घटक सापडला: पाय तळाला टेकलेले असणे.

दुसरा घटक अडथळ्याचा. पाणी अंगाला मागे रेटते, पाऊल नेहमीसारखे उचलत नाही. म्हणून हेच क्रियापद चिखल, खोल बर्फ, उंच गवत यांच्यासाठीही चालते. पाणी सक्तीचे नाही, रेटा सक्तीचा आहे.

आता शेजारचे शब्द बाजूला ठेवून पाहा. 'फोर्ड' म्हणजे नदी उथळ जागेतून पार करणे, त्यात पलीकडचा काठ गाठणे आलेच. वेड्मध्ये पलीकडे पोचायची अट नाही, तळ्यात नुसते चालत राहिलात तरी चालेल. 'पॅडल' म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत पोरांनी किनाऱ्यावर उथळ पाण्यात अनवाणी खेळणे. मोटारींच्या माहितीपत्रकात 'वॉटर वेडिंग डेप्थ' असा रकाना असतो, म्हणजे गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते ते. लांब पायांच्या पाणपक्ष्यांना 'वेडर' म्हणतात. त्यातही मेख अशी, की अमेरिकन पुस्तकात हा शब्द बगळे-करकोच्यांना लागतो आणि ब्रिटिश पुस्तकात तुतवारासारख्या चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना. भिगवणला पक्षी पाहायला जाताना हातातले पुस्तक कोणत्या देशाचे आहे ते बघून ठेवा.

लाक्षणिक वापरही टिपा: जाडजूड अहवाल कसाबसा वाचून काढणे, चालू भांडणात घुसणे, कामाला जोरात भिडणे. हे सगळे अर्थ वहीत एकाखाली एक लिहा. पुढच्या पायरीत त्यांना तारखा लावायच्या आहेत.

३. प्रत्येक अर्थाला तारीख लावा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नवखे लोक नेमकी हीच गाळतात. आजचा अर्थ तोच मूळ अर्थ असे मनात धरले की पुढचा सगळा शोध भरकटतो.

बॉसवर्थ-टॉलरमध्ये जुन्या इंग्रजीचे रूप शोधा: 'वाडान'. अर्थ काय दिलाय? जाणे, पुढे सरकणे, चाल करणे. पाण्याची अट कुठेच नाही. पाण्यातून किंवा अंगाला अडवणाऱ्या कशातूनही चालत जाणे हा खास अर्थ इसवी सन १२०० च्या सुमाराला नोंदलेला दिसतो. लढाईत किंवा कामात शिरणे हा लाक्षणिक अर्थ चौदाव्या शतकाच्या अखेरीचा.

आता कोशाने दिलेले एखादे उदाहरण जवळून पाहा. ९९१ साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात मॉल्डन गावाजवळ व्हायकिंग आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्या लढाईवर जुन्या इंग्रजीत एक कविता आहे. व्हायकिंग नदीतल्या बेटावर, इंग्रज काठावर, आणि मधली वाट भरतीच्या पाण्याखाली. ओहोटी लागते, इंग्रजांचा सरदार त्यांना अलीकडे येऊ देतो आणि ते निघतात. त्या ओळीत कवी म्हणतो, 'वोडोन', म्हणजे ते चालून आले, ते रक्तपिपासू लांडगे, पाण्याची पर्वा न करता, पांटा नदी ओलांडून पश्चिमेकडे. पांटा म्हणजे आजची ब्लॅकवॉटर नदी.

हे वाचून कोणीही म्हणेल की बघा, पाणी आहे, म्हणजे अर्थ तेव्हाही पाण्यातून चालणे हाच होता. थांबा. त्याच कवितेत थोडे पुढे, कोरड्या रणांगणावर एक योद्धा शस्त्र उगारून शत्रूवर चालून जातो, आणि तिथेही क्रियापद तेच: 'वोड'. पाण्याचा टिपूसही नाही. म्हणजे पहिल्या ओळीत पाणी क्रियापदात नव्हते, ते कवीने वेगळ्या शब्दांनी सांगितले होते. 'बेवुल्फ' काव्यातही ग्रेंडेल हा राक्षस रात्री ढगांखालून राजवाड्याकडे येतो तेव्हा हेच 'वोड' वापरले आहे. तोही कोरड्या जमिनीवरून येतोय.

दोन ओळी शेजारी ठेवल्या आणि प्रश्न सुटला. कोशातला अर्थ पाठ करण्यापेक्षा अशी एक जोडी स्वतः शोधून काढा, शब्द कायमचा लक्षात राहतो.

मॉल्डनच्या कवितेचे मूळ हस्तलिखित १७३१ मध्ये लंडनच्या एका आगीत जळाले. आधी करून ठेवलेल्या नकलेमुळे ती आज वाचता येते. त्याच आगीत 'बेवुल्फ'चे हस्तलिखित कडेने होरपळले, पण वाचले. ज्या ओळींवर आपण शब्दाचा इतिहास उभा करतो, त्यांची टिकून राहण्याची कहाणी अशी आहे. त्यामुळे 'पहिली नोंद' या शब्दांचा अर्थ 'वाचलेल्या कागदांतली पहिली नोंद' एवढाच घ्यायचा. शब्द त्याआधी लोकांच्या तोंडी असणारच.

४. आवाज कसा बदलला ते तपासा

'वाडान'चे 'वेड्' कसे झाले? शेवटचे 'आन' आधी झिजून 'अन' झाले, मग 'अ', मग गळून पडले. मधला आ लांबला आणि पंधराव्या शतकापासून इंग्रजीत दीर्घ स्वर सरकले तेव्हा त्याचा 'ए' झाला. ही गोष्ट एकट्या या शब्दाची नाही, आणि तेच तपासायचे असते. जुन्या इंग्रजीतला 'नामा' आज 'नेम' आहे. (हा 'नामा' मात्र आपल्या 'नाम'चा खरा नातेवाईक आहे.) एकाच वळणाने दोन-चार शब्द बदललेले सापडले की समजावे, आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

भूतकाळही पाहा. आज त्याला साधा 'एड' प्रत्यय लागतो. जुन्या इंग्रजीत मात्र स्वर बदलून 'वोड' व्हायचे, जसे आजही 'शेक'चे 'शुक' होते. सोळाव्या शतकापासून वेड्ने ती जुनी चाल सोडली. स्वर बदलून भूतकाळ करणारे क्रियापद जवळपास नेहमीच जुन्या घरचे असते. उसने आलेले क्रियापद सहसा तसे वागत नाही. हा पुरावा पुढच्या पायरीत कामाला येतो.

५. भावंडे शोधा

जर्मन 'व्हाटेन', डच 'वाडेन', आइसलँडिक 'व्हादा'. सगळ्यांचा अर्थ पाण्यातून चालणे. जर्मनमध्ये ड चा ट झालाय, तो नियमाने: इंग्रजी 'डे' तर जर्मन 'टाग', इंग्रजी 'डीप' तर जर्मन 'टीफ'. पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांना हे जोड ओळखीचे असतील. नसतील तर वहीत एक पान राखून ठेवा, फार उपयोगी पडते.

या घराण्यातला माझा आवडता सदस्य क्रियापद नाही, समुद्र आहे. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्याला लागून उथळ समुद्राचा पट्टा आहे. ओहोटीला पाणी इतके हटते की मैलोन् मैल चिखलाची जमीन उघडी पडते. डचमध्ये अशा जमिनीला 'वाड' म्हणतात आणि त्या समुद्राला 'वाडनझे'. तिच्यावरून वाटाड्या घेऊन बेटापर्यंत चालत जायची तिथे रीत आहे, त्या चालण्याला 'वाडलोपन' म्हणतात. डच आणि जर्मन भाग २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, डेन्मार्कचा भाग २०१४ मध्ये. इंग्लंडमध्ये बेडफर्डशर परगण्यातल्या बिगल्सवेड गावाच्या नावात शेवटी जो 'वेड' आहे, तोही नदी पायी ओलांडण्याच्या जागेचा.

आता लॅटिनकडे. तिथे 'वादेरे' म्हणजे जाणे आणि 'वादुम' म्हणजे नदीतली उथळ जागा. लॅटिनमधल्या या अक्षराचा उच्चार जुन्या काळी 'व' असाच होता, 'व्ह' नंतर आला. 'वादेरे'पासून इंग्रजीत पंधराव्या ते सतराव्या शतकांत आलेले तीन शब्द तुम्हाला माहीत आहेत: 'इन्व्हेड' म्हणजे आत चालून जाणे, 'इव्हेड' म्हणजे निसटून बाहेर जाणे, 'पर्व्हेड' म्हणजे सगळीकडून आरपार जाणे. मराठीतले 'शत्रूवर चालून जाणे' आठवा, 'इन्व्हेड' लगेच पटतो. पोर्तुगीज येणाऱ्या गोवेकरांना 'तो जातो' या अर्थाचा 'व्हाय' ठाऊक असेल, तो याच 'वादेरे'चा. स्पेनमध्ये गॅरेजच्या दारावर 'वादो' अशी पाटी दिसते, म्हणजे इथून गाडी जाते-येते, समोर गाडी लावू नका. तो शब्द 'वादुम'चा, मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडण्याची जागा.

मग वेड् हा लॅटिनमधून आला का? नाही. आणि हे 'नाही' कशावरून, तेही वहीत लिहा. एक, तो जर्मानिक घराण्यातल्या, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, आइसलँडिक यांच्या कुळातल्या अनेक भाषांत आहे. दोन, त्याचा भूतकाळ जुन्या चालीचा आहे. तीन, त्याला डब्ल्यू आहे. वेड् आणि 'वादेरे' हे बाप-लेक नाहीत, चुलत भावंडे आहेत, दोघेही आणखी जुन्या एका धातूपासून निघालेले. इन्व्हेड हा मात्र लॅटिनचा थेट वारस आणि इंग्रजीत पाहुणा. नातेवाईक असणे आणि उसना घेतलेला असणे, हा फरक सांभाळला नाही तर वंशावळ उलटी लागते.

६. तारांकित रूप वाचायला शिका

नोंदीच्या शेवटी 'वाध-' असे एक रूप मिळेल, आधी छोटी चांदणी. चांदणी म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी भावंडांवरून ते बांधून काढले आहे. नव्या पुस्तकांत तेच रूप वेगळ्या चिन्हांनी, खाली छोटे आकडे देऊन लिहितात. त्याने घाबरू नका, धातू तोच आहे. नोंदीत सालाआधी 'सी' अक्षर दिसले तर 'सुमारे' समजा. 'ओई' म्हणजे जुनी इंग्रजी, 'एमई' म्हणजे मध्ययुगीन, 'पीआयई' म्हणजे इंग्रजी, लॅटिन, संस्कृत या सगळ्यांची कल्पित आदिभाषा.

धातूशेजारचा आकडाही पाहा. हार्पर यांच्या कोशात 'वाध-' दोन आहेत. पहिल्याचा अर्थ तारण किंवा शपथ देणे, त्यातून लग्नाचा 'वेड' (डब्ल्यू-ई-डी), 'वेज' आणि 'वेजर' येतात. दुसऱ्याचा अर्थ जाणे, तो आपला. दुसऱ्याची उदाहरणे कोश जर्मानिक आणि लॅटिन या दोनच शाखांतून देतात. संस्कृतची जागा तिथे रिकामी असते. ती रिकामीच ठेवा.

७. चकवे

यांच्यासाठी वेगळे पान करा. दरवेळी इथेच पाय घसरतो.

*वॉटर.* अर्थ जुळतो, अक्षर जुळते, म्हणून सगळ्यांना वाटते की वेड् हा वॉटरचा भाऊ. नाही. वॉटर, वेट, ग्रीक 'हिदोर' आणि आपले 'उदक' हे एका धातूचे. वेड् वेगळ्या धातूचा, आणि पाणी त्याला बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास चिकटले हे आपण वर पाहिलेच.

*वॅट.* विजेचे एकक जेम्स वॅट यांच्या आडनावावरून. ते आडनाव वॉल्टर या नावाच्या लाडक्या रूपापासून निघाले. जर्मन चिखल-किनाऱ्याचे स्पेलिंग अगदी तेच असले तरी संबंध नाही.

*मराठी वाट.* हा चकवा फार गोड आहे. 'वाडान' म्हणजे जाणे, आणि आपण तर भाषांतरच 'पाण्यातून वाट काढणे' असे करतो! पण टर्नर उघडा: वाट ही संस्कृत 'वर्त्मन्'पासून, मधल्या प्राकृतात 'वट्ट'. धातू 'वृत्', वळणे-फिरणे. तिचे लॅटिन नातेवाईक 'वेर्तेरे', म्हणजे इंग्रजी 'कन्व्हर्ट', 'रिव्हर्ट'मधला भाग. आजच्या रूपांची तुलना कधीच करायची नाही. दोन्ही बाजूंची सापडतील तितकी जुनी रूपे काढायची आणि मगच शेजारी ठेवायची. 'वाट'मधला ट हा र्त चा झालाय हे कळले की साम्य आपोआप गळून पडते.

*मराठी वेड आणि जुन्या इंग्रजीतला 'वोड'.* जुन्या इंग्रजीत 'वोड' नावाचे एक विशेषणही होते आणि त्याचा अर्थ चक्क 'वेडा, पिसाळलेला'. दिसायला अगदी आपल्या क्रियापदाच्या भूतकाळासारखे. म्हणजे इंग्रजीत 'वोड' वेडा, मराठीत 'वेड' वेडेपणा! इथे भलेभले मोहात पडतील. पण ते विशेषण वेगळ्या घरचे आहे: त्याचे नातेवाईक जर्मन 'व्हुट' म्हणजे संताप आणि वोडेन हा देव, ज्याच्या नावावरून इंग्रजीतला बुधवार पडला. क्रियापदाचा 'वोड' वेगळा, विशेषणाचा वेगळा, आणि मराठी वेडाशी जोडण्यापुरता नियमित आवाजांचा धागा कोणाशीच नाही.

नियम एवढाच: एका शब्दाचे साम्य हा पुरावा होत नाही. तेच वळण आणखी तीन-चार जोड्यांत दिसले पाहिजे.

एक खरे नाते सांगते, म्हणजे सगळेच चकवे वाटणार नाहीत. बदकासारखे डुलत चालण्याचे इंग्रजी क्रियापद 'वॉडल' हे वेड्चेच, पुन्हा पुन्हा केल्याचा अर्थ देणारे रूप मानले जाते.

८. मराठीत आणताना

मूळ कळल्याचा फायदा भाषांतरात होतो. वेड्मध्ये चाल आणि रेटा दोन्ही आहेत, म्हणून नुसते 'पाण्यातून गेले' फिके पडते. 'पाणी तुडवत गेले', 'चिखल तुडवत आले', 'गुडघाभर पाण्यातून वाट काढली' यांत पायांचे कष्ट येतात. 'तुडवणे' मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते पाणी, चिखल, बर्फ, गवत सगळ्यांना चालते. अहवालाच्या बाबतीत 'ढीग उपसला', भांडणाच्या बाबतीत 'वादात उडी घेतली'. उडीत पाणी आहे हे बघा, भाषांतरात नकळत राहिलेले.

मॅकबेथ म्हणतो की मी रक्तात इतका पुढे आलोय की आता परतणे हे पलीकडे जाण्याइतकेच जड आहे. तिथे शेक्सपिअरने हेच क्रियापद वापरले आहे. 'रक्तात बुडालोय' असे भाषांतर केले तर चित्र मोडते. बुडालेला माणूस परतायचा विचार करत नाही. तो नदीच्या मध्यावर उभा आहे, पाय तळाला आहेत, दोन्ही काठ सारखेच लांब. दुसऱ्या पायरीत काढलेला अर्थाचा पहिला घटक इथे उपयोगी पडला.

जागेसाठी मराठीत जुना, नेमका शब्द आहे: 'उतार'. 'नदीला इथे उतार आहे' म्हणजे इथून पायी ओलांडता येते. मोल्सवर्थमध्ये हा अर्थ दिला आहे. याच 'तॄ' धातूचे 'तीर्थ', मुळात नदीत उतरण्याची-ओलांडण्याची जागा. आणि 'अगाध' म्हणजे जिथे 'गाध' नाही, पाय टेकायला तळ नाही. ज्ञानाला अगाध म्हणताना हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा.

९. टाचण लिहून ठेवा

शोध संपला की सगळे एका परिच्छेदात उतरवा, नाहीतर महिन्याभराने पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. नमुना:

वेड्, क्रियापद. आज: पाय तळाला टेकवून पाणी, चिखल इत्यादींतून रेटत चालणे. जुनी इंग्रजी 'वाडान': जाणे, चाल करणे, भूतकाळ 'वोड'. पाण्याचा खास अर्थ सुमारे १२००. लाक्षणिक अर्थ चौदाव्या शतकाची अखेर. भावंडे: जर्मन व्हाटेन, डच वाडेन. चुलत: लॅटिन वादेरे, वादुम. लॅटिनमार्गे पाहुणे: इन्व्हेड, इव्हेड, पर्व्हेड. संबंध नाही: वॉटर, वॅट, लग्नाचा वेड, मराठी वाट, मराठी वेड. मराठीत: तुडवत जाणे, वाट काढणे.

खाली कोणता कोश कधी पाहिला ते लिहा. ऑनलाइन नोंदी अधूनमधून सुधारल्या जातात.

याच पद्धतीने पुढचा शब्द स्वतः करायचा असेल तर 'फोर्ड' घ्या. ऑक्सफर्डच्या नावातला तो. सुरुवात हार्पर यांच्या कोशातून करा, भावंडांत गाडीभाड्याचा 'फेअर' भेटेल, आणि धातूच्या नोंदीत संस्कृत 'पारयति' दिसेपर्यंत वही मिटू नका. या वेळी संस्कृतची जागा रिकामी नाही.